तारीख देण्यापूर्वी : संगीताचा पेशा, हिशेब आणि घर यांचा मेळ

संगीतावर उपजीविका करणाऱ्या माणसाजवळ बंदिशी, चाली आणि अभंग कितीही वाढू शकतात. वाढू शकत नाहीत त्या तारखा. गणेशोत्सवाचे दिवस दहाच असतात, दिवाळी पहाटेच्या सकाळी चार-पाचच मिळतात आणि डिसेंबरातले शनिवार-रविवार बोटांवर मोजण्याइतकेच येतात. एखादी तारीख दिली की तिचे परिणाम तीन ठिकाणी होतात: बँकेच्या खात्यात, रियाजात आणि घरात. पहिला परिणाम लगेच दिसतो, म्हणून निर्णय बहुधा त्याच्याच आधारे घेतला जातो. उरलेले दोन काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी लक्षात येतात. पेशा, व्यवहार आणि कौटुंबिक जीवन यांचा मेळ घालण्याची जी काही युक्ती आहे ती तारीख देण्याच्या पद्धतीत आहे, असे या लेखकाचे मत आहे. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रात शास्त्रीय, सुगम, नाट्य किंवा भक्तिसंगीत गाणाऱ्या आणि त्यांना साथ करणाऱ्या कलावंतांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

वर्षाचा आराखडा

बहुतेक कलावंत फोन येईल तसे कार्यक्रम स्वीकारत जातात आणि मार्च महिन्यात वर्ष कसे गेले ते पाहतात. याच्या उलट क्रमाने काम करावे. आपल्याकडच्या मैफलींचा हंगाम बऱ्याच अंशी पंचांगाशी बांधलेला असल्यामुळे तो आधी मांडता येतो. आषाढी एकादशीच्या आसपास अभंगांचे कार्यक्रम असतात. भाद्रपदात गणेशोत्सव, त्यानंतर पितृपक्षाचा शांत पंधरवडा, मग नवरात्र, कोजागरी आणि दिवाळी. डिसेंबरमध्ये पुण्यातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवापासून गावोगावच्या संगीत महोत्सवांपर्यंत थंडीतला मोठा हंगाम सुरू होतो, तो साधारण फेब्रुवारीअखेर ओसरतो. गुढीपाडव्याच्या पहाटेचे कार्यक्रम झाले की परीक्षा, सुट्ट्या आणि पाऊस यांमुळे बऱ्याच जणांचे काम मंदावते. भक्तिसंगीत गाणाऱ्याचा हंगाम आणि ख्यालगायकाचा हंगाम एकसारखा नसतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या मागील दोन-तीन वर्षांच्या कार्यक्रमांवरून स्वतःचा आराखडा तयार करावा.

या आराखड्यात सर्वांत आधी घरच्या तारखा लिहाव्यात: मुलांच्या परीक्षा, आईवडिलांच्या शस्त्रक्रिया किंवा नियमित तपासण्या, जवळच्या नात्यातली लग्ने आणि वर्षातून किमान एक अशी सुट्टी, जिच्यात वाद्य घरी ठेवले जाईल. त्यानंतर रियाजाचे काळ लिहावेत. येथे रोजचा रियाज अभिप्रेत नाही, तो तर असायलाच हवा. नवा राग बसवण्यासाठी, गुरूंकडे सलग तालमीसाठी किंवा नवा कार्यक्रम बांधण्यासाठी लागणारे दोन-तीन आठवड्यांचे सलग तुकडे अभिप्रेत आहेत. पितृपक्ष आणि (भक्तिसंगीत गाणाऱ्यांसाठी आषाढी एकादशीचे दिवस वगळता) जून-जुलै हे त्यासाठी उत्तम काळ आहेत, कारण त्या दिवसांत नकार द्यावे लागण्याची वेळ कमी येते. या दोन्ही गोष्टी लिहून झाल्यावर जी जागा उरेल ती कार्यक्रमांसाठी खुली आहे असे समजावे. हा क्रम उलटा केला, तर घर आणि रियाज यांना नेहमी उरलेसुरले दिवस मिळतात, आणि हंगामात असे दिवस उरतच नाहीत.

(ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार बंदिस्त सभागृहाबाहेर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंतच मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते. त्यामुळे रात्रभराच्या खुल्या मैफली संपल्या आणि उत्तररात्रीचे राग व्यासपीठावरून जवळपास हद्दपार झाले, याचे दुःख रसिकांना आहे आणि ते योग्यच आहे. लहान मुले असलेल्या कलावंतांच्या घरी मात्र या नियमाचे छुपे स्वागत झाले असावे.)

घरखर्च कोणत्या पैशातून चालवायचा

‘पूर्णवेळ कलावंत’ या शब्दाभोवती आपल्याकडे फार मोठे वलय आहे, आणि नोकरी करणाऱ्या गायकाकडे काहीशा हौशी नजरेने पाहिले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, त्या नोकरीत त्यांची बदली नेफासारख्या (आजचा अरुणाचल प्रदेश) दूरच्या प्रदेशातही झाली, आणि चाळिशी उलटल्यावर ती सोडून ते पूर्णवेळ गायक झाले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधील त्यांची खाँसाहेबांची भूमिका त्यानंतरची आहे. डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या विषयांच्या पदव्या घेतल्या, आकाशवाणीत नोकरी केली आणि पुढे एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले. नोकरीमुळे यांपैकी कोणाचे गाणे उणे झाले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. नोकरी असलेल्या गायकाला एक मोठे स्वातंत्र्य मिळते, ते म्हणजे न पटणाऱ्या कार्यक्रमाला नकार देण्याचे.

म्हणून नोकरी करावी की करू नये, या प्रश्नापेक्षा घरखर्च कोणत्या प्रकारच्या पैशातून चालतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कलावंताचे उत्पन्न साधारण तीन प्रकारचे असते. शिकवण्या, नोकरी, महाविद्यालयातील तासिका यांतून येणारे उत्पन्न दरमहा येते. कार्यक्रमांचे मानधन हंगामी असते. आणि ध्वनिमुद्रणे, चाली, स्वामित्वधन (रॉयल्टी) यांतून येणारे उत्पन्न बहुधा छोटे असले तरी वर्षानुवर्षे येत राहते. घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, किराणा, शाळेचे शुल्क आणि विम्याचे हप्ते पहिल्या प्रकारच्या उत्पन्नातून भागले पाहिजेत, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. कार्यक्रमांचे पैसे बचत, वाद्यांची खरेदी व दुरुस्ती, प्रवास आणि कर यांसाठी ठेवावेत. दिवाळीच्या आठवड्यात चार कार्यक्रमांचे मानधन हाती येते तेव्हा तो महिना आपला नेहमीचा महिना आहे असे वाटू लागते, आणि याच काळात घेतलेले हप्ते पुढे जूनमध्ये बोचतात.

ज्यांचे पहिल्या प्रकारचे उत्पन्न अजून घरखर्चाला पुरत नाही, त्यांनी दोन बँक खाती ठेवावीत. सर्व मानधन एका खात्यात जमा व्हावे आणि त्यातून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घराच्या खात्यात पगारासारखी जावी. ही रक्कम वर्षातल्या सर्वांत मंद चार महिन्यांच्या सरासरीवरून ठरवावी, हंगामातल्या महिन्यांवरून ठरवू नये. याखेरीज किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम, जिला हात लावायचा नाही अशी, बाजूला असावी. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, मध्ये काही महिने उघडून दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये, तीही निम्म्या क्षमतेने, पुन्हा उघडली. त्या काळात वादक, ध्वनिव्यवस्थापक आणि रंगमंचामागचे कामगार यांची जी अवस्था झाली ती पाहिलेल्या कोणालाही या रकमेची गरज वेगळी समजावून सांगावी लागू नये.

शिकवण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांचे घर त्यांवरच चालते आणि बहुतेकांचा रियाज त्यांमुळेच मोडतो. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांना ऑनलाइन शिकवण्याचे काम गेल्या काही वर्षांत वाढले आहे आणि त्याचे शुल्कही चांगले मिळते. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. कॅलिफोर्नियातील संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडील सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. याचा अर्थ असा की अमेरिकेतील प्रत्येक विद्यार्थी आपली सकाळ, म्हणजे नेमकी खर्ज (खालच्या सप्तकातील स्वरांचा सराव) आणि पलटे (स्वरक्रमांचा सराव) यांची वेळ, घेतो. आठवड्यातील किमान तीन सकाळी विद्यार्थ्यांसाठी बंद ठेवाव्यात, आणि उरलेल्या सकाळींचे शुल्क त्या हिशेबाने अधिक असावे. शुल्क मासिक आणि आगाऊ घ्यावे. दौऱ्यामुळे आपण तास बुडवला तर तो केव्हा भरून दिला जाईल आणि विद्यार्थ्याने बुडवला तर काय, हे प्रवेश देतानाच लेखी कळवावे. विशारदसारख्या परीक्षांसाठी येणारे विद्यार्थी आणि गाणे शिकण्यासाठी येणारे विद्यार्थी यांचे वेळापत्रक वेगळे ठेवले, तर परीक्षांच्या हंगामात सर्वच विद्यार्थ्यांचे शिक्षण त्याच पाच-सहा रागांवर अडकून पडत नाही.

वर्ग वाढला की स्वतःची जागा घेण्याचा मोह होतो. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, पुढे ते कार्य मुंबईत आणले, आणि तेथे कर्ज काढून विद्यालयाची इमारत उभी केली. कर्ज फेडण्यासाठी ते देशभर कार्यक्रम करीत राहिले, तरीही अखेरीस ती इमारत लिलावात गेली. त्यांचे कार्य शिष्यांनी पुढे नेले, हे खरे असले तरी ज्या कर्जाचा हप्ता प्रमुख कलावंताच्या पुढील मैफलींवर अवलंबून आहे, ते कर्ज संस्थेला आणि गळ्याला एकाच वेळी धोक्यात घालते, हा व्यवहार आजही तसाच आहे. वर्गाच्या जागेचा हप्ता वर्गाच्याच शुल्कातून निघत असेल तरच ती घ्यावी. नाही तर सोसायटीचे सभागृह किंवा शाळेची संध्याकाळची खोली भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते.

मानधनाची बोलणी

‘तुमचं काय ते सांगा’ असे आयोजकाने म्हटल्यावर ‘तुम्ही द्याल ते’ असे उत्तर देण्याची सवय आपल्याकडे नम्रतेची समजली जाते. तिचा सर्वाधिक फटका कलावंताच्या साथीदारांना बसतो. रक्कम सांगण्यापूर्वी ती कशी तयार होते ते कागदावर मांडावे. समजा, पुण्याच्या गायिकेला नागपूरच्या कार्यक्रमासाठी एकूण साठ हजार रुपये देऊ केले आहेत. तबला आणि संवादिनी यांचे प्रत्येकी दहा हजार, तानपुऱ्यावर बसणाऱ्या दोन विद्यार्थिनींचे मिळून चार हजार आणि सर्वांच्या प्रवासाचे बारा हजार वजा केले तर चोवीस हजार उरतात. जाणे, कार्यक्रम आणि परतणे यांत तीन दिवस जातात, त्या तीन दिवसांच्या शिकवण्या नंतर भरून द्याव्या लागतात, आणि कर अजून वजा व्हायचा असतो. ही आकडेमोड केल्यावरही कार्यक्रम घ्यावासा वाटेल, कारण नागपूरचा श्रोता महत्त्वाचा आहे किंवा संस्था जुनी आणि जाणकार आहे. तसे असेल तर तो जरूर घ्यावा. आकडेमोड न करता घेऊ नये, एवढेच सांगणे आहे.

फोनवर सर्व ठरल्यावर त्याच दिवशी एक लेखी संदेश पाठवावा. करारपत्र शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवरील संदेश आणि त्यावरील होकार हाही पुरावा असतो. त्यात तारीख, स्थळ, सादरीकरणाची वेळ आणि कालावधी, मानधन आणि त्यातील आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम केव्हा मिळणार, प्रवास आणि निवासाची सोय किती जणांची, ध्वनिव्यवस्था कोणाची, कार्यक्रम रद्द झाल्यास आगाऊ रकमेचे काय, आणि ध्वनिचित्रमुद्रणाला परवानगी आहे की नाही, या गोष्टी असाव्यात. चित्रपटगीते किंवा प्रसिद्ध भावगीते गायची असतील, तर त्यांच्या सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना आयोजकाने काढायचा आहे, हेही त्यातच लिहावे. अटी सांगितल्याने आपण अहंकारी ठरू, अशी भीती विशेषतः तरुण गायिकांना वाटते. किशोरीताई आमोणकर यांच्या अटींविषयी पुष्कळ बोलले गेले. पण आई मोगूबाई कुर्डीकर यांच्यासोबत तानपुरा घेऊन प्रवास करताना आयोजकांकडून आईला मिळणारी दुय्यम वागणूक त्यांनी लहानपणी पाहिली होती, आणि आपल्या अटींमागे तो अनुभव असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. नीट प्रवास, स्वच्छ खोली आणि वेळेवर जेवण मागणे यात काहीही अवाजवी नाही.

साथीदारांचे मानधन मुख्य कलावंताने कार्यक्रमापूर्वी त्यांना स्पष्ट सांगावे आणि आयोजकाकडून आपल्याला पैसे मिळाले किंवा नाही, यावर ते अवलंबून ठेवू नये. तबलावादकाने तारीख आपल्याला दिली आहे, आयोजकाला नाही. कार्यक्रम आपल्या बाजूने रद्द झाला तर त्याची हंगामातली तारीख वाया गेलेली असते, तिची काही भरपाई देण्याची रीत असलेल्या गायकांना उत्तम साथीदार आयत्या वेळीही मिळतात, हे मैफलीच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. साथीदारांनीही एक पथ्य पाळावे: एकदा दिलेली तारीख अधिक मोठ्या नावासाठी मोडू नये.

विनामूल्य कार्यक्रमांचा प्रश्न नाजूक असतो. ‘घरचंच कार्य आहे’ आणि ‘तुम्हाला व्यासपीठ मिळतंय’ ही दोन वाक्ये मराठी कलावंताने आयुष्यात सर्वाधिक वेळा ऐकलेली असतात. यावरचा उपाय म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच विनामूल्य कार्यक्रमांची संख्या ठरवावी: गुरूंच्या पुण्यतिथीचा एक, एखाद्या सामाजिक संस्थेसाठी एक, नात्यातला एक. संख्या संपली की ‘यंदाचे विनामूल्य कार्यक्रम ठरले आहेत, पुढच्या वर्षी नक्की पाहू’ असे सांगता येते, आणि नकार माणसाला दिला जात नाही. विनामूल्य गातानाही साथीदारांचे मानधन आयोजकाकडून घ्यावेच. औदार्य आपल्या खिशातून करायचे असते.

कर

मानधनातून आयोजक संस्था बहुधा दहा टक्के कर कापून घेते आणि तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो. विवरणपत्र भरताना तो वजा मिळतो, किंवा आपले एकूण करदायित्व कमी असेल तर परत मिळतो. येथे एक अडचण नेहमी येते. संपूर्ण चमूचे मानधन एकाच धनादेशाने मुख्य कलावंताच्या नावे आले, तर कागदोपत्री ते सर्व त्याचेच उत्पन्न दिसते आणि कापलेला करही त्याच्याच नावे जातो. शक्य असेल तेथे साथीदारांना आयोजकाने थेट पैसे द्यावेत. शक्य नसेल तेथे साथीदारांना बँकेतूनच रक्कम द्यावी आणि पावती घ्यावी. रोख पाकिटांनी हा हिशेब कधीही जुळत नाही.

वस्तू आणि सेवा कराच्या बाबतीत, सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची गरज पडत नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रकारातील संगीत, नृत्य वा नाट्याच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपेक्षा अधिक नसेल तर त्यावर हा कर माफ आहे. भावगीतांच्या किंवा चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला ही माफी आपोआप लागू होते असे गृहीत धरू नये. कापलेला कर वजा जाता वर्षाचे करदायित्व दहा हजार रुपये किंवा अधिक राहत असेल, तर आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना भरावा लागतो, आणि दिवाळीच्या मानधनातील काही भाग १५ डिसेंबरसाठी तेव्हाच बाजूला काढून ठेवणे सोयीचे असते. तार बदलणे, तबल्याची पुडी (वरचे चामडे) बदलणे, वाद्याचा प्रवास, ध्वनिमुद्रणाचे भाडे, कार्यक्रमाचा पोशाख यांच्या पावत्या जपाव्यात, म्हणजे त्यांतील कोणत्या खर्चाची वजावट मिळू शकते हे सनदी लेखापालाला ठरवता येते. कलावंतांची कामे पूर्वी पाहिलेला लेखापाल शोधावा. त्याची फी ही वाद्याच्या देखभालीइतकीच आवश्यक बाब आहे.

मुद्रण आणि हक्क

आजचा आयोजक बहुधा कार्यक्रमाचे चित्रण करतो आणि दुसऱ्या दिवशी ते यूट्यूबवर टाकतो. कायद्याने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे: त्याचे मुद्रण करणे आणि ते लोकांपर्यंत पोचवणे यांसाठी त्याची संमती लागते, आणि हा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून पन्नास वर्षे टिकतो. त्यामुळे ‘संस्थेच्या संग्रहासाठी मुद्रण चालेल, प्रसारणासाठी वेगळी लेखी परवानगी लागेल’ हे वाक्य प्रत्येक संदेशात असावे. ज्या दिवशी घसा बसलेला होता त्या दिवसाचा मारवा राग आयुष्यभर आपल्या नावापुढे दिसत राहणे कोणालाच नको असते.

संगीतकार आणि गीतकारांनी निर्मात्याचा करार सही करण्यापूर्वी अवश्य वाचावा. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी व कोणत्या प्रदेशासाठी दिले ते नमूद असावे लागते. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे कायदा धरतो. म्हणूनच तयार करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वासाठी’ असे शब्द हमखास आढळतात, आणि त्यांच्यापाशी थांबून बोलणी करता येतात. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रिकेत वापरल्या गेलेल्या आपल्या रचनेच्या स्वामित्वधनातील वाटा गीतकार-संगीतकाराला निर्मात्याच्या नावे सोडूनही देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्कसंस्थेला (रचनाकारांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. स्वामित्वधनाच्या वसुलीसाठी संगीतकार-गीतकारांनी आयपीआरएस या हक्कसंस्थेचे, आणि गायक-वादकांनी इसम्रा या संस्थेचे सदस्यत्व घेऊन ठेवावे. रक्कम सुरुवातीला नगण्य वाटेल, परंतु सदस्यत्वच नसेल तर तीही वाटेत हरवते.

घर

मैफल करणाऱ्याचे कामाचे तास म्हणजे इतरांच्या विश्रांतीचे तास. कुटुंब एकत्र येते त्या लक्ष्मीपूजनाच्या पहाटे तो व्यासपीठावर असतो, आणि मंगळवारी दुपारी घरी असतो तेव्हा घरात कोणी नसते. ही विसंगती दूर होणार नाही, हे आधी मान्य करावे आणि मग तिच्यात जागा शोधाव्यात. दिवाळीतील चार सकाळींपैकी एक सकाळ घरी राहण्याचा निर्णय आधीच जाहीर केलेला असेल, तर घरचे उरलेल्या तीन सकाळी मनावर घेत नाहीत. आठवड्यातील एक दुपार मुलांच्या शाळेसाठी, एक जोडीदारासाठी, अशी आपल्या उलट्या वेळापत्रकात बसणारी व्यवस्था करावी. इतर घरांच्या रविवारची नक्कल करण्याचा प्रयत्न फसतो. मोठ्या तारखा, विशेषतः परदेश दौऱ्यांच्या, जोडीदाराशी बोलल्याशिवाय देऊ नयेत. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचा दौरा पाच-सहा शनिवार-रविवारांचा असतो, म्हणजे घरच्या माणसाला दीड महिना एकट्याने सर्व सांभाळायचे असते. (अशा दौऱ्यासाठी पर्यटक व्हिसा चालत नाही, आपल्यासारख्या पारंपरिक कलाप्रकारांसाठी पी-३ हा व्हिसा आहे. ‘कोणी विचारत नाही’ असे सांगणाऱ्या आयोजकाला तारीख देऊ नये.)

रियाज हे घरातील कामाचे तास आहेत, ही गोष्ट घरी स्पष्ट शब्दांत मांडावी लागते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो आनंदच वाटतो. दाराची बेल वाजली तर उठायचे कोणी, हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न वर्षानुवर्षांच्या कुरबुरींचे मूळ असतो. गायिकांच्या वाट्याला हा प्रश्न अधिक तीव्रतेने येतो. बाळंतपणानंतर श्वासाचा आधार आणि आवाजाची ठेवण पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात, त्या काळात तारखा घेण्याची घाई करू नये, आणि घेतल्यास ‘बाळ व त्याला सांभाळणारी एक व्यक्ती यांची निवासाची सोय’ ही अट संकोच न करता लिहावी. सुजाण संस्था ती मान्य करतात.

शरीराकडेही व्यवहाराच्या दृष्टीने पाहावे. हंगामात सलग तीन दिवसांपेक्षा अधिक कार्यक्रम घेणाऱ्या गायकाचा चौथ्या दिवशीचा षड्ज काय सांगतो, ते त्याने स्वतःच ऐकावे. बसलेला घसा दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला तर काढ्यावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची तपासणी करावी. तबलावादकांनी मनगटाची आणि सर्वांनीच पाठीची दुखणी हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलू नयेत. नोकरी नसलेल्या कलावंताला बहुधा सामूहिक आरोग्य विमा लाभत नाही, म्हणून तिशीतच स्वतःचा कौटुंबिक आरोग्य विमा आणि मुदतीचा आयुर्विमा घ्यावा. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मासिक मानधन योजना आहे, पण तिच्या भरवशावर म्हातारपण आखता येण्यासारखे नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत (पीपीएफ) वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत भरता येतात, आणि त्यात दिवाळीनंतर एकरकमी भरणा करणे हंगामी उत्पन्नाला सोयीचे पडते.

शेवटचे काम बहुतेक जण टाळतात, ते म्हणजे वारसांसाठीची यादी. रचनाकाराच्या चालींवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, परंतु कोणत्या चाली, कोणत्या कंपनीकडे, कोणत्या करारान्वये, हे घरात कोणालाच ठाऊक नसेल तर तो हक्क वापरता येत नाही. एका वहीत किंवा फाइलमध्ये प्रत्येक मुद्रणाचे नाव, वर्ष, सहकलाकार आणि करार कोठे ठेवला आहे ते लिहावे. हक्कसंस्थांचे सदस्य क्रमांक, यूट्यूब वाहिनीचे आणि संगीत वितरण खात्यांचे तपशील त्यातच असावेत. बँक खात्यांप्रमाणे हक्कसंस्थांकडेही नामनिर्देशन करावे, आणि मृत्युपत्रात या हक्कांचा स्वतंत्र उल्लेख करावा. ही यादी जूनमध्ये, कार्यक्रम कमी असतात तेव्हा, जोडीदाराला शेजारी बसवून तयार करावी आणि दर जूनमध्ये तिच्यात मागील वर्षाची भर घालावी.